लॅबमधल्या मामांना, जाहीर आभार

आदरणीय मामा,
साष्टांग नमस्कार.

सत्कार होतात ते सरांचे आणि मॅडमचे. लॅब असिस्टंटला कुणी शाल-श्रीफळ देत नाही, म्हणून हे आभार चारचौघांत मानतेय.

दहावीपर्यंत माझं मराठी माध्यम. अकरावीत सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट भराभर कानावरून जायचे आणि तिन्ही एकसारखेच वाटायचे. वर्गात मूलकांचा, म्हणजे क्षारांतल्या अशा भारित घटकांचा, तक्ता मिळाला, पाठ करायला. तुम्ही मात्र तीन परीक्षानळ्यांत तीन सोडियमचे क्षार घेतलेत, त्यांवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलंत आणि म्हणालात, "नाक नळीवर न्यायचं नाही, हातानं वारा घे." पहिलीतून सडक्या अंड्यांचा भपका आला. हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे आत सल्फाइड. ऑक्सिजनचा पत्ता नाही. दुसरीतून जळत्या गंधकाचा झोंबरा वास. सल्फर डायऑक्साइड, म्हणजे सल्फाइट, तीन ऑक्सिजन. तिसरी ढिम्म. तिच्यात बेरियम क्लोराइड घातल्यावर पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, आला तो सल्फेटचा, चार ऑक्सिजन. तक्ता मग पाठ करावाच लागला नाही.

पुढे बीएस्सीला कळलं, की या '-आइट' आणि '-एट' शेपट्या १७८७ सालच्या आहेत. गितों द मोर्वो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फुर्क्रुआ या चार फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ठरवलं, की नावावरूनच आत काय आहे ते कळावं. तुम्ही हे पुस्तकात वाचलं होतं का, कधी विचारलं नाही. पण बाटलीवर नुसतं 'आयर्न सल्फेट' लिहिलं की तुम्ही ते खोडायला लावायचात, हे पक्कं आठवतं. लोहाचा भार दोन, म्हणजे फेरस, की तीन, म्हणजे फेरिक? कंसात रोमन दोन की तीन? नायट्रेट ओळखायच्या ब्राउन रिंग टेस्टसाठी फेरस सल्फेटचं द्रावण दर वेळी ताजं करायचात, कारण हवेत राहिलं की फेरसचं फेरिक होत जातं, फिकट हिरवा रंग पिवळट पडतो, आणि मग बाटलीवरचं नाव खोटं ठरतं.

आमच्या द्राक्षबागेत बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणातलं मोरचूद म्हणजेच कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट, म्हणजे पाण्याचे पाच रेणू धरून बसलेलं कॉपर सल्फेट, हेही तुमच्याकडूनच कळलं. निळे खडे तापवून पांढरे केलेत, नळीच्या वरच्या भागात जमलेले पाण्याचे थेंब दाखवलेत आणि म्हणालात, "हे बघ तुझं पेंटाहायड्रेट."

आता मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. कच्चा माल आला की लेबलवरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते. मोनोहायड्रेटच्या, म्हणजे पाण्याचा एक रेणू असलेल्याच्या, जागी निर्जल माल आला, तर वजनाचा सगळा हिशेब बदलतो. नव्या मुलांना हे शिकवताना तुमचं नाव घेते.

दिवाळीत गावी येतेय, घरी येऊन भेटेन. मामींना नमस्कार सांगा.

तुमची,
सॉल्ट ॲनालिसिसच्या बॅचमधली एक विद्यार्थिनी