डोक्यातल्या फुग्याला ‘टाइम बॉम्ब’ म्हणणं आता थांबवा

संपादक साहेब,

स. न.

मेंदूच्या रक्तवाहिनीला फुगा येतो, ज्याला डॉक्टर अ‍ॅन्युरिझम म्हणतात, त्याबद्दल हल्ली पेपरात, यूट्यूबवर, व्हॉट्सअ‍ॅपवर बरंच काही येत असतं. हेडिंग मात्र ठरलेलं, ‘मेंदूतला टाइम बॉम्ब’. लिहिणाऱ्यांना एकच सांगायचंय की तुमचे वाचक सगळे धडधाकट नसतात, त्यात माझ्यासारखेही असतात, ज्यांच्या डोक्यात तो फुगा आत्ता आहे आणि ज्यांना ऑपरेशनची तारीख मिळायचीये किंवा मिळून पुढे गेलीये. असं हेडिंग वाचल्यावर आमची ती रात्र कशी जाते ते लिहिणाऱ्याला कळत नसावं.

मी बावन्न वर्षांची, कराडजवळ राहते, नोकरी क्लार्कची. चक्कर यायची म्हणून एमआरआय काढला, चक्करचं कारण कानातलं निघालं आणि फुगा असाच सापडला, उजव्या बाजूला, ८ मिलिमीटरचा. मग पुण्याला जांघेतून नळी घालून अँजिओग्राफी झाली आणि डॉक्टरांनी क्लिपिंग करू, म्हणजे डोकं उघडून फुग्याच्या मानेला बारीक चिमटा लावू, म्हणून सांगितलं. तिथपर्यंत सगळे बरोबर असतात, डॉक्टर, सिस्टर, रिपोर्ट, फाईल. त्यानंतर ‘तारीख कळवतो’ म्हणून घरी पाठवतात आणि मग कोणीच नसतं. बीपीच्या गोळ्या दिल्या, मिसरी लावत असाल तर बंद करा सांगितलं (मी लावत नाही, पण आमच्याकडे विचारावंच लागतं), बास. घरी जाऊन घाबरायचं कसं नाही हे काही कोणी सांगितलं नाही.

मग माणूस करतो काय, मोबाईल उघडतो. आणि तिथे दिसतं की इतके लोक दवाखान्यात पोचायच्या आतच जातात, वाचले त्यातले इतके लुळे पडतात. हे खोटं नाहीये, पण ते फुटलेल्या फुग्याचं आहे, आणि माझा फुटलेला नाही! हा एवढा साधा फरक मला पुढच्या भेटीत एका ज्युनिअर डॉक्टर मुलीने सांगितला तेव्हा कुठे कळला. ती म्हणाली, काकू, १०० मोठी माणसं उभी केली तर त्यातल्या साधारण तिघांच्या डोक्यात असा फुगा निघेल, बहुतेकांचा आयुष्यभर फुटत नाही आणि त्यांना पत्ताही लागत नाही. २००३ साली एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास छापून आला होता, त्यात पुढच्या भागातल्या रक्तवाहिन्यांवरचे ७ ते १२ मिलिमीटरचे फुगे ५ वर्षांत फुटायचं प्रमाण २.६ टक्के निघालं होतं, असंही तिने सांगितलं. मी विचारलं मग मला कशाला कापताय? तर म्हणाली, तुमची आई अशीच अचानक गेली आणि तुमच्या फुग्याला बाजूने अजून एक टोक आलंय, म्हणून तुमचा धोका त्या आकड्यापेक्षा जास्त धरायचा, पण तो उद्या सकाळचा धोका नाही, पुढच्या वीस-तीस वर्षांचा मिळून आहे. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवले. बॉम्बला घड्याळ लावलेलं असतं, याला तसलं काही नाहीये, मग टाइम बॉम्ब कसला?

तिनेच सांगितलं की १९३७ साली अमेरिकेत बाल्टिमोरला वॉल्टर डँडी नावाच्या सर्जनने पहिल्यांदा अशी क्लिप लावली, म्हणजे माझ्या आईच्या जन्माच्याही आधी. आता तर जांघेतून जाऊन फुग्यात कॉइल, म्हणजे बारीक तारेची गुंडाळी, भरायचीही सोय आहे, माझ्या फुग्याची मान रुंद म्हणून क्लिप. आपल्यावर काहीतरी नवाच प्रयोग चाललाय असं जे आत कुठेतरी वाटत होतं ते त्याने गेलं.

आता घरचं सांगते, कारण खरी परीक्षा तिथेच आहे. आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. मिस्टर बातम्या म्यूटवर बघतात. मला शिंक आली की तिघं माना वळवून बघतात. कळशी उचलायची नाही, वाकायचं नाही, रागवायचं नाही, आणि कोणी भांडतच नाही म्हटल्यावर मला जास्तच भीती वाटायला लागली. डॉक्टरांना सरळ विचारलं, तर म्हणाले नेहमीसारख्या राहा, चाला, स्वयंपाक करा, ऑफिसला जा, फक्त जड वजन उचलून जोर लावू नका, पोट साफ राहू दे आणि बीपी सांभाळा. कपालभाती, भस्त्रिका नको, अनुलोम-विलोम श्वास न कोंडता चालेल.

बीपीचंही तसंच. मशीन घरी आणलं आणि मी दिवसभर तो पट्टा दंडाला गुंडाळूनच बसायला लागले. पहिलं रीडिंग जास्त आलं की भीती, भीतीने पुढचं अजून जास्त, मग परत मोजायचं, दंडावर पट्ट्याचे वळ उठले. शेवटी मुलीने मशीन तिच्या कपाटात ठेवलं, सकाळी एकदा संध्याकाळी एकदा, पाच मिनिटं शांत बसवून ती मोजते आणि आकडा वहीत लिहिते, मला दाखवत नाही. डॉक्टरांनी त्या वहीवरूनच गोळी कमी केली.

सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला तर निरवानिरवीचा. ‘मला काही झालं तर’ एवढं म्हटलं की मिस्टर म्हणायचे अभद्र बोलू नकोस. पण तेच तर रात्री दोन वाजता डोक्यात फिरायचं, लॉकरची चावी कुठे, पीएफला नॉमिनी अजून आईच आहे, सासूबाईंच्या गोळ्या कोणती सकाळची कोणती रात्रीची. एका रविवारी मी ऐकलंच नाही, त्यांना समोर बसवलं आणि सगळं लिहून काढलं, अगदी दूधवाल्याच्या हिशेबापर्यंत. ते रडले, मी नाही रडले. त्या रात्री मला झोप लागली, गोळी न घेता. ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणणाऱ्या लोकांचा मला मनापासून राग येतो, रागवायचं नाही असं सांगितलं असलं तरी. वाईटाचा विचार करायला बंदी घातली की तो जात नाही, तो फक्त एकट्याने करावा लागतो.

तारीख आली ती नेमकी पितृपक्षात. सासूबाई, जाऊबाई, गावाकडचे सगळे म्हणाले पुढे ढकला. मी म्हटलं माझी आईच त्या पितरांत आहे, ती काय वाईट करणार? अ‍ॅडमिट झाले, रात्री बारापासून उपाशी, सकाळी केसांचा प्रश्न पण विचारून घेतला (सगळं डोकं भादरत नाहीत, पुढच्या केसांच्या रेषेमागे एक पट्टा काढतात, हे आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं), आणि साडेअकराला सांगितलं की आज होणार नाही, इमर्जन्सी आलीये. एका बाईंचा फुगा फुटला होता. मला त्याचा राग नाही, त्यांचा नंबर आधी लागायलाच हवा, तिथे उद्या मीही असू शकते. पण नवीन तारखेसाठी जे फोन करावे लागले, हा नंबर नाही तो लावा, सर ओपीडीत आहेत, इन्शुरन्सची मंजुरी परत घ्या, त्याने जेवढा जीव घाबरा झाला तेवढा फुग्याने नाही झाला. आता दिवाळीनंतरची तारीख आहे.

म्हणून मोठ्या हॉस्पिटलांना विनंती आहे. ऑपरेशन ठरलेल्या पेशंटला एक नंबर द्या, जिथे माणूस उचलेल. इमर्जन्सी आली तर तुमची तारीख पुढे जाऊ शकते हे पहिल्याच दिवशी तोंडाने सांगा. आणि मराठीत एक कागद द्या, की नेहमीचं डोकं दुखणं वेगळं आणि फुग्याचं वेगळं: एका क्षणात आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखलं, सोबत उलटी, मान आखडली, शुद्ध हरपली, किंवा एक पापणी खाली आली, एकाचे दोन दिसायला लागले, तर वाट न बघता १०८ किंवा मिळेल त्या गाडीने मोठं हॉस्पिटल गाठायचं. माझ्यासाठी हे त्या ज्युनिअर डॉक्टर मुलीने रिपोर्टच्या पाकिटामागे पेनाने लिहून दिलं. ते पाकीट फ्रिजवर लावलंय, तेव्हापासून साध्या डोकेदुखीला मी चहा पिऊन झोपते.

ज्यांना कोणाशी बोलायचंय पण घरच्यांशी नाही, त्यांनी सरकारच्या टेलिमानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनला फोन करावा, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी केला होता. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही, ऐकून घेतलं. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या मागून आणू नका मात्र, आमच्या शेजारणीने मला तिची पट्टी देऊ केली होती, मी नाही घेतली.

एक राहिलं. आई आणि मी अशा दोघी झाल्यामुळे माझ्या भावाची आणि मुलीची पण एकदा तपासणी करून घ्या असं डॉक्टर म्हणालेत. भाऊ टाळतोय, म्हणतो नको ते कळायलाच नको. मुलीने स्वतःच नंबर लावलाय, माझं ऑपरेशन झालं की तिचा एमआरआय.

आपली,
एक वाचक, ता. कराड
(नाव छापू नये ही विनंती)