गाविलगडाच्या पटावरचा वाघ

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय गड्या,

गाविलगडाच्या लढाईचा, छोट्या सैनिकांनी आणि फाशांनी पटावर खेळायचा तुझा खेळ, त्याचा आराखडा पाहिला. तुराट्यांचं जंगल, थर्माकोलचा तट आणि वरून मेळघाटातला वाघ! यातलं काहीच काढू नको. घोळ आहे तो दोन्हीकडं 20-20 सैनिक ठेवलेस त्यात.

हिशोब करून पाय. 4 किंवा जास्त पडला की गोळी लागते, म्हणजे 10 फाशांत सरासरी 5. गोळी लागलेल्यानं वाचायला पुन्हा फासा टाकायचा: उघड्यावरचा माणूस फक्त 6 ला वाचतो, म्हणून पाचातले चारच्या थोडे वर मरतात. तटामागचा 4 पासून वाचतो, तिथं अडीचच. मार 40 टक्क्यांनी घटला. मग कोणीही म्हणेल, 20 किल्लेदारांसमोर 33 हल्लेखोर दे. देऊ नको. सगळे एकदम गोळ्या झाडत असतील तर दुप्पट माणसांची ताकद चौपट होते. लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडलेलं गणित आहे हे. त्यानं 26 लाच बरोबरी होते. पण खिंडारात दोन्हीकडचे तिघं-तिघंच भिडू शकत असतील तर मागची गर्दी नुसती उभी राहते, आणि आकडा पुन्हा 33 कडं सरकतो. म्हणून आधी खिंडाराची रुंदी ठरव, मग माणसं मोज.

खरा गड 15 डिसेंबर 1803 ला पडलाच. बाहेरच्या तटाला तोफांनी खिंडार पाडलं, आतल्या तटाला शिडी लावली. पटावरही पडू दे! सहाव्या फेरीअखेर आतल्या दारात किल्लेदाराचा एकही माणूस उभा असला तर तो जिंकला, एवढंच ठरव. अशा अटीनं जे साधतं ते नुसत्या पॉइंटांनी, म्हणजे प्रत्येक तुकडीच्या ताकदीला लावलेल्या आकड्यांनी, साधत नाही. पॉइंट फेकूनही चालत नाही म्हणा: ‘वॉरहॅमर एज ऑफ सिग्मार’ हा असाच पटावरच्या लढाईचा खेळ 2015 मध्ये पॉइंटांविना आला आणि पुढच्याच वर्षी पॉइंट परत आणावे लागले.

आता वाघ. ‘सहा इंचांतल्या सगळ्या तुकड्यांची पाळी जाते’ हा तुझा नियम खोड. समोरच्यानं काय मग हातावर हात ठेवून बसायचं? एका फेरीत एकच तुकडी घाबरेल, तीही फासा 1 किंवा 2 पडला तरच. वाघाची ताकद खेळात आधीच असलेल्या एखाद्या घोडेस्वारावरून घे आणि वाढवलेल्या प्रत्येक गोष्टीचे पॉइंट लाव. नियम चिठ्ठीवर लिहून खेळाआधी समोरच्याच्या हातात दे.

सैनिकांचे रंग, पागोटी, हत्यारं हवी तशी कर. बुड मात्र सगळ्यांचं एकच हवं. सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण, साधारण 32 मिलिमीटर, झकास बसतं. उंचीही ठरलेली ठेव. गुडघ्यावर बसवलेला सैनिक भिंतीआड पुरता लपतो, मग ‘दिसतो-दिसत नाही’वरून भांडण, अगदी धुऱ्यावरून होतं तसं. तेव्हा बसलेला असो की उभा, नेम धरताना सगळ्यांना उभं समजायचं.

तपासताना बाजू अदलाबदल करून निदान चार डाव खेळ. एका डावावर जाऊ नको, फासे कधीही दगा देतात. किल्लेदार चारही जिंकला तर दोन-तीन हल्लेखोर वाढव, पण त्याच वेळी तटाचा नियम बदलू नको. नाहीतर फरक कशानं पडला ते कळणार नाही.

पोळ्याला येशील तेव्हा फासे आण. 10 नाही पुरायचे, 30 तरी लागतील.

तुझाच,
दोस्त