रत्नागिरीला जाताय? भरतीची वेळ बघा आणि मुक्काम ठेवून जा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका दिवसात कोकण कसं करावं याचा बेत छापून आला होता. पहाटे कोल्हापूर सोडायचं, गणपतीपुळ्याला दर्शन, दुपारी मासे, मग समुद्रात डुंबायचं आणि रात्री घरी. हा बेत वाचून गप्प बसवेना. मी एसटीत वाहक होतो. नोकरीतली बरीच वर्षं कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावर गेली, तीही मुक्कामाच्या गाडीवर. संध्याकाळी रत्नागिरीत उतरायचं आणि सकाळी परतीची गाडी काढायची. त्यामुळं तो गाव रात्री कसा असतो, पहाटे कसा असतो, हे मी पाहिलंय. प्रवासी तिकीट घेताना एकच विचारायचे, "कुठं राहू, काय खाऊ, काय बघू?" तेव्हा जे सांगायचो तेच आज आपल्या वाचकांना सांगतो.

कोल्हापूर ते रत्नागिरी साधारण एकशेतीस किलोमीटर. मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, हातखंबा. आकडा लहान वाटतो, पण मध्ये आंबा घाट आहे, महामार्गाची कामं आहेत आणि पावसाळ्यात घाटात दहा फुटांवरचं दिसत नाही. चार तास धरून निघावं. म्हणजे एका दिवसात परत यायचं तर आठ तास गाडीतच गेले. त्यात गणपतीपुळ्याची गाडी हातखंब्याहून निवळीकडं वळते आणि चाफ्यामार्गे खाली उतरते, म्हणून रत्नागिरी शहर डाव्या हाताला तसंच राहून जातं. आपल्याकडची कितीतरी माणसं दरवर्षी कोकणात जातात आणि रत्नागिरी मात्र त्यांनी पाटीवरच वाचलेली असते.

पण मला जास्त काळजी आहे ती वेळेची. समुद्र आपल्या घड्याळावर चालत नाही. दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, आणि रोज वेळ पाऊण तासानं पुढं सरकते. तिकडच्या कोळीवाड्यातल्या माणसांनी मला याचा हिशेब शिकवला. आजची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-साडेअकरा. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, पण अंदाज चुकत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी उधाणाचं, म्हणजे फार आत येतं आणि फार बाहेर जातं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार कमी.

आता संकष्टीचा हिशेब करा. चतुर्थी, चाराचे पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला भरती पूर्ण आणि त्यानंतर ओहोट लागते. आपली गर्दी त्याच दिवशी पुळ्याला असते. दर्शनाची रांग, मग जेवण, आणि पोरं पाण्यात उतरतात ती नेमकी तीन-चारच्या दरम्यान. पाणी बाहेर ओढायला लागतं त्याच वेळी. पुळ्याच्या किनाऱ्याला उतार आहे, चार पावलांत गळ्याइतकं पाणी लागतं. रंकाळ्यात आणि पंचगंगेत पोहलेला गडी समुद्राच्या ओढीत तसाच पोहेल असं नाही. दरवर्षी घाटावरच्या कुठल्या ना कुठल्या घरातला मुलगा तिथं बुडतो, आणि आपण बातमी वाचून हळहळतो. जीवरक्षक शिट्टी मारतो तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालू नका, हे हात जोडून सांगणं आहे. तेच गाड्यांचं. ओली वाळू घट्ट दिसते म्हणून गाडी खाली घालतात, चाक रुततं आणि भरती थांबत नाही. मग गावातली माणसं दोर घेऊन येतात. त्यांच्या कामाचा खोळंबा करायचा आपल्याला काय अधिकार?

म्हणून माझं म्हणणं असं की दोन रात्री रत्नागिरी शहरातच राहा. स्टँडजवळ साधे लॉज आहेत, ज्याला पहाटेची गाडी धरायची त्याला ते बरे. कुटुंब असेल तर भाट्याच्या पुलापलीकडं किंवा आरे-वारेच्या बाजूला वाडीतली घरगुती सोय बघा. सरकारची निवास-न्याहारी योजना आहे, तिच्यातली घरं मिळतात. चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं घर, पुढं खळं म्हणजे अंगण, मागं माडाची नाहीतर आंब्याची बाग, आणि जेवण घरातल्या बाईच्या हातचं. पण एक दिवस आधी कळवायचं. तिथं नारळ खवून, तांदळाची उकड काढून, ताजं वाटण करून स्वयंपाक होतो. ऐनवेळी दहा माणसं दारात उभी राहिली तर त्या माउलीनं काय करायचं? आणि शक्य असेल तर शनिवार-रविवार सोडून जा. मंगळवार-बुधवारी तोच किनारा मोकळा असतो आणि खोलीचं भाडंही ऐकण्यासारखं असतं.

जेवणाबद्दल थोडं आपल्याच माणसांना सांगायचंय. तिथं जाऊन तांबडा-पांढरा मागू नका. तो आपल्याकडं रोज आहे. तिथली आमटी खोबऱ्याची, आंबटपणा कोकमाचा, आणि बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात, तिरफळ नावाचा मसाला. तिरफळाचा वास पहिल्या घासाला नवा वाटतो, दुसऱ्या दिवशी माणूस मागून घेतो. पापलेट-सुरमईच्या पलीकडंही मासे आहेत. ताजा बांगडा, मोरीचं (म्हणजे लहान शार्क माशाचं) मटण, तिसऱ्या नावाच्या शिंपल्या हे पानात घेऊन बघा, खिशालाही परवडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर ओल्या काजूगरांची उसळ मागा. ओला काजू सोलताना चिकानं बोटांची सालं निघतात, म्हणून ती महाग असते, घासाघीस करू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत कुणी ताजी सुरमई म्हणून वाढली तर ती बर्फातलीच समजा. तेव्हा कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, अळू, घावणे आणि सोलकढी खा. मला स्वतःला पावसात तेच जास्त आवडतं.

पहाटे मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरावर जा. बोटी लागलेल्या असतात, टोपल्या वर येतात, खाली पाणी आणि बर्फ एक झालेलं असतं. लिलाव पुकारणारा एक आणि भोवती बायका. बोली इतक्या भराभर चालते की नवख्याला काही उमगत नाही. बायका मासा हातात घेऊन कल्ला उचलून बघतात, आत लालभडक असेल तरच वाटा घेतात. बाजूला उभं राहून बघा, कुणाच्या वाटेत येऊ नका आणि मोबाइल तोंडासमोर धरू नका, ते त्यांचं कामाचं ठिकाण आहे. ओहोटीच्या वेळी खाडीच्या कडेला खडकांवर बसलेल्या बायका दिसतील. हातात लहान लोखंडी हत्यार, आणि खडकाला चिकटलेली कालवं एकेक फोडून आतला गर डब्यात टाकायचं काम. डबा भरायला सगळी ओहोटी जाते. कालवांचा भाव ऐकून नाक मुरडण्याआधी हे बघून या.

फिरण्याचा क्रम पाण्यावर ठरवा. ओहोटी असेल तेव्हा भाट्याचा किनारा पायी चाला, एका बाजूला सुरूचं बन आणि समोर मोकळा समुद्र. मांडवीला काळी वाळू आहे, पांढऱ्या समुद्राकडं पांढरी, एकाच गावात दोन रंग. भरतीच्या आणि उन्हाच्या वेळी गावात शिरा. थिबा राजवाडा बघा. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा १९१० साली बांधून झाला आणि १९१६ साली तो राजा इथंच वारला. जवळच्या थिबा पॉइंटवरून काजळी नदी आणि भाट्याची खाडी एका नजरेत येते. टिळकांचं जन्मघर, १९३१ सालचं पतितपावन मंदिर, सागरी संशोधन केंद्राचं मत्स्यालय हे सगळं जवळजवळ आहे. मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे, पोरांना तो दाखवाच. संध्याकाळी रत्नदुर्ग. घोड्याच्या नालेसारखा किल्ला, तिन्ही बाजूंनी पाणी, आत भगवतीचं देऊळ. तटावरून सूर्यास्त बघा, पण तटावर चढून फोटो काढू नका.

एक सकाळ किंवा उतरती दुपार उक्षीच्या कातळशिल्पासाठी ठेवा. सड्यावर, म्हणजे उंचावरच्या सपाट कातळावर, जांभ्या दगडात भला मोठा हत्ती कोरलाय, भोवती चिऱ्याची गोल भिंत घातलीय. भर दुपारी गेलात तर दगडच दिसेल. ऊन तिरपं झालं की कोरलेल्या रेघेत सावली भरते आणि सोंड, पाय, पाठ एकेक करून उमटत जातात. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत. चप्पल घालून त्यांच्यावर नाचणारे लोक मी पाहिलेत. आपल्या अंबाबाईच्या देवळात शिल्पावर कुणी पाय दिला तर आपण सहन करू का?

गणपतीपुळ्याला जरूर जा, पण रत्नागिरीतून, आरे-वारेच्या रस्त्यानं. पंचवीसेक किलोमीटर आहे. वरच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन दोन्ही किनारे बघावेत. आरे-वारेला पाण्यात उतरू नये, तिथली ओढ वाईट आहे.

पावसात गेलात तर समुद्र लांबूनच. त्या दिवसांत सडे हिरवे होतात, बारीक फुलं येतात, निवळीचा धबधबा भरून वाहतो. घाटातून दिवसाउजेडी या आणि रात्रीचा हट्ट धरू नका, दरडी सांगून येत नाहीत.

आता आपल्याकडं मागणं. मुंबईच्या वृत्तपत्रांत भरती-ओहोटीच्या वेळा छापून येतात. कोल्हापूरला समुद्र नाही म्हणून आपल्या आवृत्तीत त्या येत नसाव्यात. पण दर शनिवारी आंबा घाटातून किती गाड्या खाली उतरतात ते मलकापूरच्या नाक्यावर अर्धा तास उभं राहिलं तरी कळेल. पंचांगाच्या चौकटीत आपण तिथी, सूर्योदय, सूर्यास्त रोज देता. तिथंच रत्नागिरीच्या भरती-ओहोटीच्या वेळा द्याव्यात. रोज जागा नसेल तर शुक्रवारच्या अंकात शनिवार-रविवारच्या द्या, आणि संकष्टी, अंगारकी, नाताळ, मे महिन्याची सुट्टी यांच्या आदल्या दिवशी ठळक द्या. दोन ओळींची जागा लागेल. ज्या घरात आपला अंक जातो तिथं निघायच्या आधी कुणीतरी त्या वाचेल आणि पोरांना पाण्यात कधी सोडायचं ते ठरवेल.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त एसटी वाहक
कसबा बावडा, कोल्हापूर