मोघम वेगळे, संदिग्ध वेगळे

संपादक महोदय,

नियमांचे मसुदे, करारनामे आणि परिपत्रके मराठीत तपासून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. एखाद्या तरतुदीचा अर्थ लागेनासा झाला की बातम्यांत, अग्रलेखांत आणि वाचकांच्या पत्रांतही ‘नियम संदिग्ध आहे’ एवढाच शेरा वाचायला मिळतो. या एका शब्दाखाली दोन निरनिराळे दोष झाकले जातात आणि त्यांवरचे उपायही निरनिराळे आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. या दोहोंसाठी मराठीत दोन चांगले, रुळलेले शब्द आहेत: संदिग्ध आणि मोघम.

संदिग्ध वाक्याचे दोन किंवा अधिक अर्थ निघतात. त्यांतला प्रत्येक अर्थ आपापल्या जागी स्वच्छ असतो, पण लिहिणाऱ्याच्या मनात कोणता होता ते कळत नाही. न्यायदर्शनातले संशयाचे जुने उदाहरणही असेच आहे: समोर दिसतो तो खांब की माणूस? मोघम शब्दाचा अर्थ एकच असतो, मात्र तो कुठपर्यंत लागू पडतो याची कड सापडत नाही. ‘परवा’ या शब्दात हे दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. ‘परवाची सभा’ एवढेच लिहिले तर ती होऊन गेली की व्हायची आहे हे समजत नाही. ही संदिग्धता, आणि क्रियापद आले की ती संपते. ‘अगदी परवापरवापर्यंत ही पद्धत होती’ या वाक्यातले ‘परवा’ म्हणजे महिना, वर्ष की दहा वर्षे, हे मात्र कोणतेही क्रियापद सांगू शकत नाही.

संदिग्धता पुष्कळदा वाक्याच्या बांधणीतून येते. ‘जुनी पुस्तके व कागदपत्रे नष्ट करावीत’ असे वाक्य एका मसुद्यात माझ्यासमोर आले होते. ‘जुनी’ हे विशेषण कागदपत्रांनाही लागू आहे का? नसेल, तर काल तयार झालेली कागदपत्रेही नष्ट करावी लागतील. ‘जुनी पुस्तके व जुनी कागदपत्रे’ असे केले, एक शब्द वाढला आणि दोष गेला. ‘सर्व सभासद उपस्थित नव्हते’ या इतिवृत्तातल्या नेहमीच्या वाक्यातही एकही जण आला नव्हता की काही जण आले नव्हते, हे वाचणाऱ्यावर सोडलेले असते. असा दोष लेखणी पुन्हा हातात घेतली तर दूर होतो, आणि म्हणूनच तो राहू देण्याला सबब नाही.

कधी नावच दोघांचे असते. इंग्लंडमध्ये १८६४ साली निकाली निघालेला एक खटला कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. मुंबईहून ‘पीअरलेस’ जहाजाने लिव्हरपूलला येणाऱ्या सुरती कापसाच्या १२५ गाठींचा तो सौदा होता. त्या नावाची दोन जहाजे मुंबईहून निघाली, एक ऑक्टोबरात आणि दुसरे डिसेंबरात. खरेदीदार पहिले धरून चालला होता, विक्रेता दुसरे. न्यायालयाने खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला. द्रोणाचार्यांना ऐकवलेले ‘अश्वत्थामा मारला गेला’ हे वाक्य याच जातीचे, कारण पुत्राचे आणि हत्तीचे नाव एकच होते. ‘नरो वा कुंजरो वा’ आपण आज कोणत्याही मोघम उत्तराला म्हणतो, पण मुळात ती संदिग्धता होती, आणि ती जाणूनबुजून वापरलेली होती.

मोघमपणाचे तसे नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या मिलेटसच्या युबुलिडीस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर एक कोडे सांगितले जाते: धान्याच्या ढिगातला एक दाणा काढला तरी ढीग ढीगच राहतो; मग एकेक दाणा काढत गेले तर तो ढीग नेमका कधी संपतो? जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेला प्रत्येक संकल्पनेची सीमा रेखीव हवी होती. १९६५ साली संशोधक लोत्फी झादे यांनी अमुक गोष्ट एखाद्या संचात ‘किती अंशी’ मोडते हे मोजण्याचे गणित मांडले. तत्त्वज्ञ टिमथी विल्यमसन यांनी १९९४ च्या ग्रंथात अशी बाजू घेतली की नेमकी सीमा असतेच, फक्त ती आपल्याला कळू शकत नाही. मला हे पटत नाही. शब्दाला अर्थ आपल्या वापरातून येतो. वापरणाऱ्यांपैकी कोणालाच ठाऊक नसलेली कड मग आली कुठून?

कायद्याला या कोड्यावर रोज उत्तर द्यावे लागते. ‘समज येणे’ हा शब्द मोघम आहे, म्हणून कायदा १८ वर्षे पूर्ण हा आकडा घालतो. आदल्या दिवशी नसलेली समज त्या दिवशी येते असा कोणाचाच दावा नसतो, पण रेषा सर्वांना आधी माहीत असते. प्रत्येक ठिकाणी आकडा घालता येत नाही, हेही खरे. ‘वाजवी काळजी’ किंवा ‘योग्य मुदत’ यांसारखे शब्द काढून टाकले तर मसुदा लिहिताना ज्याची कल्पनाच नव्हती अशा प्रसंगी न्यायाधीशाचे हात बांधले जातील. कायद्याचे तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९५८ साली विचारले होते, उद्यानात वाहन नेण्यास मनाई असेल तर मोटारीचा प्रश्न नाही, पण सायकलचे काय, खेळण्यातल्या मोटारीचे काय? असे प्रश्न नियम लिहिणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे उद्भवत नाहीत.

परंतु मोघम शब्दाला शिक्षा जोडली की गोष्ट बदलते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ आठवावे. संदेशामुळे ‘त्रास’ किंवा ‘गैरसोय’ होणे यांसारख्या शब्दांवर तीन वर्षांपर्यंतचा कारावास टांगलेला होता. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले, आणि शब्दांचा हा मोघमपणा त्यामागचे एक मोठे कारण होते. ‘त्रास’ या शब्दाचे दोन अर्थ होते म्हणून हे घडले नाही. त्याची कड कोठेच नव्हती, आणि ती दर वेळी कारवाई करणाऱ्याच्या मनावर ठरणार होती.

भाषा मुळातच अनेकार्थी असते, कवितेत तर तेच तिचे सौंदर्य, असा युक्तिवाद ढिसाळ मसुद्याच्या बचावासाठी मी ऐकला आहे. यात साहित्यावर अन्याय होतो. हालाच्या महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीतली एक गाथा काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीचे, म्हणजे शब्दांमागून सूचित होणाऱ्या अर्थाचे, उदाहरण म्हणून घेतली. नायिका एका धार्मिक माणसाला सांगते: खुशाल फीर, तुला भिववणारा तो कुत्रा गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने आज मारला. शब्द ‘फीर’ म्हणतात. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाचे नाव ऐकून तिकडे पाऊल टाकणार नाही, आणि तिच्या भेटीची जागा निर्वेध राहील. यात काहीही मोघम नाही. दुसरा अर्थ पहिल्याइतकाच नेमका आहे, आणि तो कळावा म्हणूनच कवीने कुत्रा आणि सिंह एका वाक्यात आणले आहेत. श्लेषातही दोन्ही अर्थ पुरे उभे राहावे लागतात, नाही तर तो श्लेष फसतो.

माझी विनंती एवढीच आहे की आपल्या वार्ताहरांनी एखादा नियम ‘संदिग्ध’ असल्याचे लिहिताना तो मूळ शब्द किंवा ते वाक्य अवतरणात छापावे आणि त्यातून दोन अर्थ निघतात की त्याची कड सापडत नाही, हे सांगावे. पहिल्या बाबतीत वाक्य बदलून मागता येते. दुसऱ्या बाबतीत, कड ठरवण्याचा अधिकार नियमाने कोणाला दिला आहे आणि त्या व्यक्तीच्या निर्णयाविरुद्ध दाद कोठे मागायची, हे संबंधितांना विचारून त्याच बातमीत द्यावे.

आपला,
एक नियमित वाचक