नक्षीदार छताची तपासणी वरच्या बाजूने व्हावी

महोदय,

पावसाळा सरला की जुन्या नाट्यगृहांत आणि वारसा इमारतींत रंगकाम निघते. नक्षीदार छताच्या भेगांत लांबी (पुट्टी) भरतात, वर प्लास्टिक पेंटचे दोन हात मारतात. भेग का पडली, हे कुणी विचारत नाही.

लंडनच्या अपोलो नाट्यगृहाचे (१९०१) छत १९ डिसेंबर २०१३ रोजी प्रयोग चालू असताना कोसळले. ७० हून अधिक माणसे जखमी झाली. छताला वरच्या लाकडांशी बांधून ठेवणारे बंध जुने होऊन निकामी झाले होते. अशा छताचे तुकडे प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये गोणपाट आणि लाकडी पट्ट्या घालून साच्यात ओततात, आणि प्लास्टरमध्ये भिजवलेल्या गोणपाटानेच वर बांधतात. गोणपाट म्हणजे ताग. सतत ओल लागली की तो कुजतो. खालून नक्षी मात्र शाबूत दिसते.

चुन्याच्या छताची गोष्ट वेगळी. तिथे गिलावा लाकडी पट्ट्यांमधल्या बोटभरही नसलेल्या फटींतून वर जाऊन पलीकडे वळतो आणि त्या गाठींवर सगळे वजन पेलले जाते. माळ्यावर रचलेले सामान, वरच्या मजल्यावरची आदळआपट यांनी गाठी तुटतात. पट्ट्यांचे खिळे गंजले तर पट्टीच सुटते. बोटाने ठोकल्यावर बद्द आवाज आला, किंवा भेगेची एक कड दुसरीपेक्षा खाली आलेली दिसली, तर खालची जागा लगेच रिकामी करावी.

दुरुस्तीत आधी गळती थांबवावी आणि छत सावकाश वाळू द्यावे. फोम लावलेल्या फळ्यांनी खालून टेकू दिल्याशिवाय वर हात लावू नये. मग माळ्यावरची धूळ व्हॅक्यूमने काढावी, कारण धुळीवर प्लास्टर धरत नाही. जुने बंध तोडू नयेत. शेजारी स्टेनलेस स्टीलच्या तारेचे नवे द्यावेत. वरून प्लास्टर ओतून जाड थर करणे घातक, कारण ओले प्लास्टर लिटरला दीड किलोहून जड भरते. सिमेंट तर नकोच: ते ताठर असते आणि त्यातले क्षार चुन्याला पोखरतात.

वर जायला वाट नसेल, तर नक्षी सोडून सपाट भागात लहान भोक पाडून नळीचा कॅमेरा आत घालता येतो. स्ट्रक्चरल ऑडिटच्या अहवालात छताच्या वरच्या बाजूची छायाचित्रे सक्तीची करावीत, आणि ती पाहिल्याशिवाय महापालिकांनी रंगकामाची निविदा काढू नये.

– वारसा इमारतींच्या गिलाव्याचे काम करणारे कारागीर, मुंबई