अण्णा, हे आमच्या हौदाकडून

अण्णा, साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही चहा अर्धा ठेवून उठला असता. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहितेय. आता पळून जाता यायचं नाही.

आमच्या साताऱ्याच्या घरामागचा तो दगडी हौद कितीतरी वर्षं कोरडाच होता. त्यात कमळ लावायचं माझ्या डोक्यात आलं आणि रोपवाटिकेतून कंद आणला. सोबत त्यांनी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, नि गांडूळखत दिलं. मी टब भरला, पाणी सोडलं, आणि पाच मिनिटांत सगळं वर तरंगायला लागलं. तुम्ही कुंपणावरून डोकावलात. ‘‘पोरी, ह्यात कमळ न्हाई, आमटी झालीया.’’ त्याच संध्याकाळी शेतातली काळी माती दोन घमेली घेऊन आलात. चौकोनी टब मोडीत काढून गोल आणायला लावलात, कारण कोपऱ्यात शेंडा अडकून बसतो. तळाला जुनं, पुरतं कुजलेलं शेणखत मूठभर, वर वीतभर माती. कंद आडवा, शेंडा उघडा, आणि तो तरंगू नये म्हणून पाठीवर एक चपटा दगड. टब हौदात विटांवर ठेवून मातीवर फक्त चार बोटं पाणी. पानं वर येत गेली तशा आपण एकेक वीट काढत गेलो. पाण्याची उंची वाढवायची ही रीत मला कुठल्या दुकानात कुणी सांगितली नव्हती.

मे महिन्यात पाणी हिरवंगार झालं. मी तीनदा हौद उपसला, तिन्ही वेळा आठवड्यात पुन्हा तेच. तुम्ही वैतागून म्हणालात, ‘‘दर वेळी ताजं पाणी म्हंजे शेवाळाला ताजं जेवण. गप बस की जरा.’’ निम्म्याहून जास्त पाण्यावर पानांची सावली पडली की शेवाळाला ऊन मिळत नाही, आणि खतातलं जे पाण्यात उतरतं ते झाडंच खाऊन टाकतात. मग मी बादली उचलून माळ्यावर ठेवली. महिन्याभरात हौदाचा तळ दिसायला लागला.

जलपर्णीचं मात्र मला अजून लाजल्यासारखं होतं. जांभळ्या फुलांवर भुलून मीच आणली होती. पावसाळ्यात तिनं हौद असा झाकला की कमळाला डोकं वर काढायला जागा उरेना. मी दोन बादल्या भरून ओढ्याकडे निघाले, तर तुम्ही रस्त्यातच हात धरलात. एरवी आवाज न चढवणारा माणूस, त्या दिवशी ओरडलात: ‘‘ओढ्यातनं वेण्णेत, वेण्णेतनं माहुलीला कृष्णेत! पुढं कोण काढनार?’’ मग ती गच्चीवर मुळं वर करून वाळवली आणि लिंबाच्या आळ्यात पुरली. लिंबाला त्या वर्षी बरे लिंबू लागले, तेवढाच तिचा उपयोग.

डासांची तक्रार शेजारून आली तेव्हा पिशवीतून दहा-बारा गप्पी मासे आणून सोडलेत, तेही ‘‘हौदाबाहेर जाऊ द्यायचं न्हाईत’’ अशी ताकीद देऊन. पानांवर मावा पडला तेव्हा कडुनिंबाचं तेल फवारायला निघाले होते, तर मासे मरतील म्हणून अडवलंत. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं मावा खाली पडला आणि माशांनी खाल्ला. कासच्या तळ्यातली पांढरी, केसाळ पाकळ्यांची कुमुदिनी आणू का, असं विचारल्यावर तुम्ही नुसतं माझ्याकडे पाहिलंत. पुन्हा विचारलं नाही.

पण खरे आभार त्या जानेवारीतल्या सकाळचे. पानं तपकिरी होऊन मोडून पडली होती, पाण्यात नुसता काळा गाळ. मेलं, असं धरून मी टब उलटा करायला निघाले होते. वर्षभर मला ‘हात लावू नकोस’ म्हणणाऱ्या तुम्ही स्वेटरची बाही सरकवली आणि कोपरापर्यंत हात गाळात घातलात. मग माझं मनगट धरून माझाही हात आत नेलात. बोटांना लागलं ते कच्च्या केळ्यासारखं, घट्ट आणि गार. ‘‘निजलंय. फेब्रुवारी सरू दे.’’ एवढं बोलून पायरीवर हात धुतलेत आणि भाजी आणायला गेलात.

जूनमध्ये पहिलं फूल उमललं. सकाळी उघडायचं, दुपारपर्यंत मिटायचं, असं तीन दिवस. चौथ्या दिवशी पाकळ्या पाण्यावर. मी गल्लीभर सांगत सुटले होते. तुम्ही आलात, पाहिलंत आणि म्हणालात, ‘‘पानं जरा दाट झालीत.’’

यंदा फेब्रुवारीत टब मी एकटीनं उपसला. कंद पाच निघाले. त्यातले दोन ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून तुमच्यासाठी ठेवलेत. शेंडे शाबूत आहेत, दोनदा पाहिलंय. तुमच्या गच्चीवरचा तो फुटका रांजण सिमेंटनं बुजवला असेल तर रविवारी माती घेऊन येते.

तुमची,
हौदवाली