कड्याखालचे जंगल राखा

माननीय संपादक,

पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की दगड उचलतात, जाळी ठोकतात आणि वाहतूक सुरू होते. कडा आणि रस्ता यांच्यामधल्या उतारावर झाडे किती उरली आहेत, हे मात्र कोणी पाहत नाही.

जाळ्या हव्यातच. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांमुळे कोकण रेल्वेच्या गाड्या घसरल्या, माणसे गेली. त्यानंतर डोंगरकापांवर जाळ्या बसल्या, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी झाला, हे योग्यच झाले. पण वरच्या कड्यातून सुटलेला धोंडा उड्या घेत खाली येतो, तेव्हा त्याला अडवायला मधे झाडेच लागतात. प्रत्येक खोडावर आपटताना त्याचा थोडा जोर जातो. मोकळ्या उतारावर चाळीसेक मीटरांतच तो जवळजवळ पूर्ण वेग घेतो. म्हणून स्वित्झर्लंडमध्ये अशा जंगलात उताराच्या दिशेने वीस मीटरांहून लांब मोकळी जागा राहू देत नाहीत. लहान दगडांना तर बारीक पण दाट खोडेही पुरतात. आपल्याकडे तोडलेल्या ऐन-किंजळाच्या खुंटांना फुटणारे झुबके म्हणूनच मोलाचे आहेत.

घराएवढी शिळा जंगलाने थांबत नाही, आणि माळीण, तळीये, इर्शाळवाडीला अख्खा उतारच खाली आला, तो प्रकार वेगळा. कपारीत रुजलेला पिंपळ तर दगड सैल करतो, तो वेळीच काढावा लागतो. मी बोलतो आहे ते कड्याच्या पायथ्याच्या जंगलाबद्दल.

स्वित्झर्लंडमधल्या अँडरमॅट गावाने हिमलोटांपासून वाचण्यासाठी गावावरच्या जंगलात १३९७ मध्येच तोडबंदी केली. तिथे १८७६ पासून डोंगरी जंगलांसाठी देशाचा कायदा आहे आणि आज त्या देशातले जवळपास निम्मे जंगल संरक्षक मानले जाते. आपल्याकडे मात्र रुंदीकरणाचा राडारोडा याच झाडांवर लोटला जातो आणि उन्हाळ्यातले वणवे कोवळी रोपे जाळतात. जुनी झाडे उभी दिसतात, पण त्यांच्या जागी येणारी पिढीच नसते. हे नुकसान रस्त्यावरून दिसत नाही, याचेच मला जास्त भय वाटते.

वन विभाग आणि सार्वजनिक बांधकाम विभागाने वरंधा, आंबेनळी, माळशेज या घाटांतले असे पट्टे एकत्र फिरून नकाशावर आखावेत, तिथे तोड आणि राडारोडा टाकणे बंद करावे, आणि यंदा गवत वाळण्याआधी वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढाव्यात.

— एक वाचक, पोलादपूर